प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं असं कुणी विचारलं, तर मी लीला आगाशे यांचं नाव घेतो. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. शाळेत त्यांनी मला शिकवलं नाही, नोकरीही लावून दिली नाही. शनिवार पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या मागच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिलो, एवढाच आमचा संबंध. मी त्यांना काकू म्हणायचो. त्या मला 'अहो राऊत' म्हणायच्या. वयानं मी त्यांच्या मुलाच्या बरोबरीचा, पण 'अरे' त्यांनी कधी केलं नाही.

पाऊस संपून थंडी सुरू व्हायच्या आधी पुण्यात जे दिवस येतात त्यांना आपल्या भाषेत धड नाव नाही. सगळे 'ऑक्टोबर हीट' म्हणून मोकळे होतात. पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतं आणि दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. चार महिने भिजलेल्या भिंती सुकायला लागतात, त्यांचा एक चुनखडीसारखा वास घरभर फिरतो. गाद्या, उशा, लोणच्याच्या बरण्या, सगळं उन्हात येऊन बसतं. कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडूचे ढीग लागतात. या दिवसांत उजेड इतका स्वच्छ असतो, की समोरच्या इमारतीवरच्या टाकीचा गंजसुद्धा मोजून घ्यावा.

मी आता पुण्याच्या पूर्वेला मांजरी गावात राहतो, उसाच्या शेतांच्या कडेनं ज्या इमारती उठल्या त्यांतल्या एकीत. परवा आमच्या सोसायटीत नवरात्राचा मांडव उभा राहिला. मांडववाल्यानं कुठून तरी जुने मोठे दिवे आणले होते. संध्याकाळी त्यानं खटका दाबला तेव्हा ते एकदम लागले नाहीत. आधी काचेच्या आत एक जांभळट ठिणगी थरथरली. मग हिरवट झाक आली. मग कसलीही घाई न करता तो प्रकाश पांढरा होत गेला. शेजारची पोरं ओरडली, "काका, बिघडलाय तुमचा लाइट!" तो बिघडलेला नव्हता. मेटल हॅलाइडचे दिवे असेच लागतात. ते बघितलं मात्र, आणि मला काकूंच्या बैठकीच्या खोलीतला खाऱ्या पाण्याचा वास आला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. वडील जिनिंग फॅक्टरीत हमाली करायचे. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. पदवी घेतली इलेक्ट्रिकलची आणि नोकरी लागली सॉफ्टवेअरमध्ये, कारण त्या वर्षांत कुठल्याही शाखेचा इंजिनिअर पुण्यात उतरला की त्याला संगणकासमोर बसवत. संगणकाची मला भीती वाटली नाही. भीती वाटायची फोनची. अमेरिकेतल्या ग्राहकाशी रोज बोलावं लागे, आणि पलीकडून 'हॅलो' आलं की माझी वाचा बसायची.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची उभी नोकरी गेली. माझं काय बिनसलंय हे त्यांनी न विचारता ओळखलं. घरात त्यांच्या मुलानं खोल्याखोल्यांतून बोलायचा इंटरकॉम बसवला होता. त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं, आपण स्वयंपाकघरात बसल्या आणि ग्राहक झाल्या. माझं काम अजून का झालं नाही, असं मला इंग्रजीतून दरडावून विचारायला लागल्या. मी गप्प.

"राऊत, तुम्ही गप्प बसलात की समोरच्याला वाटतं लाइन कटली. काही तरी बोला. चुकीचं बोला, पण बोला."

"काकू, तुम्ही समोर दिसता, मला हसू येतं."

"मग दार लावा. ग्राहकाला काय दार उघडं लागतं?"

एक हिवाळाभर हे चाललं. नोकरी टिकली ती त्यामुळे. त्यांना तोंडावर तसं म्हणण्याची सोय नव्हती. "बरं. पाणी भरलंत का?" एवढंच त्यांनी विचारलं असतं.

बैठकीच्या खोलीतली टाकी त्यांच्या मुलाची, मंदारची. तोही माझ्याच क्षेत्रातला, पण माझ्या कितीतरी पुढचा. कंपनीच्या कामासाठी म्हणून अमेरिकेला गेला आणि तिथंच नोकरी धरून राहिला. जाताना मागे काय ठेवून गेला, तर एका माणसाच्या खाटेएवढी काचेची टाकी. तिच्यात खारं पाणी, चार मासे आणि प्रवाळ. आपल्या समुद्रातलं प्रवाळ उचलणं गुन्हा आहे आणि हे सगळं बाहेरदेशी टाकीतच वाढवलेलं, रीतसर कागद करून आणलेलं आहे, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. कुणी विचारलेलं नसलं तरी.

प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं. ही गोष्ट वेगळी. दगडाला चिकटलेली, फांद्या फुटलेली, वनस्पतीसारखी दिसणारी आणि वनस्पती नसलेली. तिच्या अंगात एक अगदी बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर जेवण करतं आणि प्रवाळाला वाढतं. उजेड कमी पडला की ते शेवाळ दाट होतं आणि प्रवाळ तपकिरी, मळकट दिसू लागतं. एकदम फार झाला तर शेवाळच निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडून मरतं. हे सगळं मी एका वर्षी पाऊस संपता संपता शिकलो. तोवर मला ती टाकी म्हणजे घरातली एक न बोलणारी, वीज खाणारी पाहुणी वाटायची.

त्या वर्षी पावसाळ्यात काकूंना स्वयंपाकघरात चक्कर आली. पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघालं, पण मंदारच्या मनातली काळजी निघेना. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. हात दुखतो म्हणून काकू फोन स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे मागच्या खोलीत मलाही सगळं ऐकू यायचं.

"आई, घर बंद कर आणि माझ्याकडे ये. एकटी कशी राहणार तू?"

"एकटी कुठं? राऊत आहेत."

"राऊत उद्या जाईल. मग?"

"मग तुझे मासे आहेत."

"थट्टा नको. ती टाकीसुद्धा मी कुणाला तरी देऊन टाकणार आहे. तुला झेपणार नाही आता."

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग काकूंचा आवाज आला, एक्स्चेंजमधला असावा तसा, सपाट आणि स्पष्ट. "दिवाळीला येतोयस ना? तोवर तुझी टाकी जगली, तर मी इथं राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. मेली, तर बॅग भरते. कबूल?"

पलीकडून "कबूल."

पैज लागली तेव्हा टाकी आधीच खालावत चालली होती, हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. वर ज्या ट्यूब होत्या त्या जुन्या झालेल्या. वरच्या दगडावरचं फांद्यांचं प्रवाळ, जे मंदारच्या म्हणण्याप्रमाणे एके काळी जांभळं होतं, ते भिजवलेल्या चिंचेच्या रंगाचं झालं होतं. पुढच्या रविवारी काकूंनी त्याला तसं सांगितलं. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यानं सांगितलं, "ट्यूब पुरणार नाहीत. मेटल हॅलाइड लावा. राऊतला विचार, तो इलेक्ट्रिकलचा आहे."

इलेक्ट्रिकलचा होतो खरा. मेटल हॅलाइडवर आमच्या पुस्तकात दोन परिच्छेद होते आणि ते परीक्षेला येत नसत.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते सगळे उजेडाचेच. जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या संगणकावर जगभरच्या टाकीवाल्यांच्या चर्चा वाचायचो. ही माणसं दिव्यांवरून असे वाद घालत, जसे आमच्याकडे भजनी मंडळात सुरावरून घालतात. कुणी म्हणे चारशे वॉटशिवाय हात लावू नका. कुणी म्हणे दीडशेत भागतं. टाकीची खोली दोन फूट. दीडशेचा उजेड तळाशी पोचता पोचता दमणार हे हिशेबानं दिसत होतं. चारशेचा पोचला असता, पण तो नुसता दिवा नव्हे, शेगडी. पुण्याच्या ऑक्टोबरात पाणी आधीच कोमट व्हायचं. पाण्यावर दोन लहान पंखे लावून आम्ही ते कसंबसं आवरत होतो आणि जेवढं पाणी उडून जाई तेवढं गोडं पाणी काकू तांब्यानं वरून घालत, कारण पाणी उडालं तरी मीठ उडत नाही. तेव्हा अडीचशे. मधला मार्ग म्हणून तो घेतला नाही. खोली आणि उष्मा दोन्ही मांडल्यावर तेवढाच उरला.

बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानांची गल्ली आहे. आधी तिथं गेलो.

"मेटल हॅलाइड? होर्डिंगला हवाय का मांडवाला?" दुकानदारानं विचारलं.

"माशांच्या टाकीला."

त्यानं चष्मा कपाळावर सारला. "का? माशांचे डोळे अधू आहेत?"

"प्रवाळ आहे. त्याला सूर्यासारखा उजेड लागतो."

"मग खिडकीत ठेवा की. सूर्य अजून फुकट आहे."

त्याच्याकडचे दिवे पिवळट उजेडाचे, मैदानांसाठीचे. ते उपयोगाचे नव्हते. चोक मात्र त्याच्याकडेच चांगला मिळाला. दिवा टाकीचं सामान विकणाऱ्या एकाकडून मुंबईहून मागवायचा ठरला, आणि तिथं खरा प्रश्न उभा राहिला. रंग कोणता?

या दिव्यांचा रंग केल्विनमध्ये सांगतात. दहा हजारांचा दिवा भर दुपारसारखा पांढरा. वीस हजारांचा गर्द निळा, खोल समुद्रात दिसावा तसा. मंदारला वीस हजारांचा हवा होता. निळ्या उजेडात प्रवाळाचे हिरवे-गुलाबी रंग आतून पेटल्यासारखे दिसतात. इंटरनेटवरचे सगळे फोटो त्याच उजेडातले. काकूंना निळा नको होता. टाकीच्या बाजूलाच जेवणाचं टेबल. जुन्या ट्यूबांपैकी एक निळी होतीच, आणि तिच्याबद्दलही त्यांची तक्रार असे.

"निळ्या उजेडात मी काय वाढते ते मलाच कळत नाही. घर आहे हे, तमाशाचा तंबू नाही."

मी वाचत राहिलो. मग एक गोष्ट पक्की समजली. सारख्याच विजेत पांढरा दिवा प्रवाळाला जास्त देतो. निळा रंग दाखवतो छान, पण खायला कमी घालतो. रंग दिसणं वेगळं आणि रंग येणं वेगळं. त्या वर्षांत पुण्यात रोज कुठं तरी एखादी नवी काचेची इमारत उजळायची, आणि कंपनीच्या बसमधून जाताना मी त्या इमारतींकडे बघत हे वाक्य मनात घोळवायचो. माझ्याबरोबरची मुलं नवा उच्चार, नवे बूट आठवड्याभरात अंगावर चढवत. मला ते जमत नव्हतं आणि त्याचं फार वाईटही वाटत नव्हतं. आपण दहा हजारांतले, असं मी स्वतःशी म्हणायचो. त्यात थोडी फुशारकी होती हे आता कळतं.

शेवटी दहा हजारांचाच दिवा मागवला. तो आला. पेन्सिलीएवढी स्फटिकाची नळी, दोन्ही टोकांना धातू. एवढुशा नळीसाठी छताला साखळ्या टांगल्या, पत्र्याचं झाकण लावलं आणि झाकणाला खालून जाड काच बसवली, कारण या नळीतून निघणारे काही किरण डोळ्यांना आणि प्रवाळाला भाजतात. टाकीवर डासांच्या जाळीचे थर अंथरले. अंधारात राहिलेल्या प्रवाळाला एकदम ऊन दाखवायचं नसतं. दर थोड्या दिवसांनी एक थर काढायचा.

पहिल्यांदा खटका दाबला ती दुपार होती. जांभळी ठिणगी, हिरवट झाक, मग पांढरं. आणि मग असं काही झालं जे कुठल्याशा चर्चेत मी वाचलं होतं, पण मनात उतरलं नव्हतं. ट्यूबचा उजेड सगळीकडून येतो म्हणून पाणी सपाट दिसतं. हा एका बिंदूतून येत होता. पाण्यावरची प्रत्येक लाट तळाच्या वाळूवर रेघ होऊन पळत होती. भिंतीवर, कॅलेंडरवर, काकूंच्या पातळावर सोनेरी जाळं हलत होतं. काकू खुर्चीत बसून छताकडे बघत राहिल्या. मीच म्हणालो, "कोकणात पाण्यात उभं राहिलं की असं दिसतं म्हणे."

"म्हणे कशाला? तुम्ही समुद्र बघितला नाहीत?"

"नाही."

"मग आता बघा," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीला मी कामावर होतो. आमच्या कंपनीतही त्या दिवशी प्रत्येक संगणकावर कुंकवाचं बोट उमटलेलं असे. दिल्ली-बंगळूरची मुलं आधी हसायची, मग फोटो काढायची. संध्याकाळी घरी आलो तर टाकीवर जुन्या ट्यूब लावलेल्या, आणि काकू तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"राऊत, तुमचा दिवा गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. माणसाबद्दल म्हणतो तसा."

एक्स्चेंजमध्ये त्या दरवर्षी खंडेनवमीला आपल्या बोर्डाची पूजा करत. बोर्ड बंद व्हायचा नाही, पण एका कडेला हळदकुंकू, फूल, पेढा. तीच सवय. या घरात आता त्यांचं सगळं ज्याच्यावर अवलंबून होतं ते यंत्र म्हणजे हा दिवा. त्यांनी वीज बंद केली, स्टुलावर चढल्या, खालची काच उघडली. झाकणाला किंवा काचेला कुंकू लावलं असतं तर काही झालं नसतं. पण त्यांनी ओल्या बोटानं हळद आणि कुंकू थेट त्या नळीला लावलं. फूल वाहिलं, काढलं, काच परत बसवली आणि दिवा लावला. या नळीला स्वच्छ बोटाचाही डाग चालत नाही. भट्टीसारख्या उष्णतेत त्या डागाशी स्फटिक फुगतो आणि तडकतो. थोड्या वेळानं 'टक्' असा आवाज झाला. तुकडे जाड काचेत अडले म्हणून टाकीत काही पडलं नाही.

"काचेला लावायचं होतं, काकू," मी म्हणालो.

"काचेला काय लावायचं? खुर्चीला हार घालून साहेबाला मोकळं ठेवायचं का?"

त्यांनी एक तुकडा मला दाखवला. त्यावर कुंकवाचा ठिपका करपून काळा झाला होता. त्या रडल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा रेडिओ लावला नाही. दुसरा दिवा मुंबईहून यायला दिवाळी उजाडणार होती. नवीन दिवा मागवलाय एवढंच मंदारला सांगता आलं असतं. मला वाटलं होतं, त्या तेवढंच सांगतील.

रविवारी फोन आला. "मंदार, तुझ्या दिव्याला मी हळदकुंकू लावलं. तो फुटला. आता पुन्हा ट्यूबच आहेत."

"आई!" मग त्याला हसू आलं, मग ते थांबलं. "म्हणूनच म्हणतो ना. अशा गोष्टी होतात. तू इकडेच ये."

"इथं दिवा फुटला तर मी तुला फोन केला," काकू म्हणाल्या. "तिथं काही फुटलं तर मी कुणाला करू?"

लाइन कटली नव्हती. पलीकडचा पंखा ऐकू येत होता.

दिवाळीच्या तोंडावर मंदार आला. आल्या आल्या बूट न काढता टाकीपुढे गेला. प्रवाळ तपकिरीच होतं. मासे ठीक होते.

"हे जगलंय म्हणायचं?"

"मेलंय का?"

"मेलं नाहीये, पण..."

"मग जगलंय. तिसरा प्रकार नसतो."

पण पैजेचा निकाल लागला असं दोघांनाही वाटत नव्हतं. मंदारनं बॅगेतून मोज्यात गुंडाळलेला एक दिवा काढला. वीस हजारांचा. आमचा दहा हजारांचाही त्याच दिवशी आला होता. दोन्ही नळ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवल्या होत्या आणि विझलेल्या स्थितीत त्यांच्यात काहीही फरक दिसत नव्हता.

मंदारनं आधी आपला लावला. खोली निळी झाली. प्रवाळ खरोखर पेटून उठलं. तपकिरी फांद्यांच्या टोकांना हिरवी झळाळी आली, तळाची बशीसारखी प्रवाळं केशरी दिसू लागली. "बघ आई! हे आहेत त्याचे खरे रंग." काकूंनी "हं" म्हटलं आणि पानं घेतली.

आम्ही तिघं जेवायला बसलो. काकूंनी भातावर वरण वाढलं, वर तूप, बाजूला लिंबू. मंदारनं भात कालवायला हात घातला आणि थांबला. ताटातलं वरण राखाडी-हिरवं होतं, साठलेल्या पाण्यासारखं.

"आई, वरणाला काय झालंय?"

"काही नाही."

"असं काय दिसतंय मग?"

"तुझ्या उजेडात असंच दिसतं," काकू शांतपणे म्हणाल्या. "माझ्या उजेडात पिवळं असतं. गेली कित्येक वर्षं पिवळंच आहे."

मी खाली मान घालून जेवत राहिलो. मंदारनं एक घास घेतला, दुसरा घेतला. मग उठला आणि खटका बंद केला. तापलेली नळी लगेच काढता येत नाही, आणि नवीही लगेच लागत नाही. सगळं गार व्हावं लागतं. तेवढा वेळ आम्ही स्वयंपाकघरातल्या साध्या बल्बच्या उजेडात अर्धवट पानांवर बसून राहिलो. खाली रस्त्यावर कुणी तरी फुलबाज्या लावत होतं.

"माझ्याही घरी जेवायच्या टेबलावर उजेड नीट नाही," मंदार एकदम म्हणाला.

"मग बदल."

"बदलतो."

त्यानं स्वच्छ रुमालात धरून पांढरा दिवा बसवला. जांभळं, हिरवट, पांढरं. प्रवाळ पुन्हा तपकिरी झालं, ताटातलं वरण पिवळं झालं आणि छतावर ते जाळं हलू लागलं. "थोडं वाढ अजून," तो म्हणाला. सुट्टी संपल्यावर तो एकटाच परत गेला. अमेरिकेचा विषय त्यानं त्या वेळी काढला नाही, आणि मला माहीत आहे तोवर नंतरही काढला नाही. काकू पुढे बरीच वर्षं त्याच घरात राहिल्या.

आता मेटल हॅलाइड राहिलेले नाहीत. टाक्यांवर एलईडी आलेत, त्यांचा रंग मोबाइलवरून बदलतो, निळा-पांढरा वाद उरलेला नाही. बरंच झालं. मला त्या दिव्यांचं वाईट वाटतं असंही नाही. या दिवसांत कुठं तरी एखादा जुना दिवा सावकाश पांढरा होताना दिसला, की मी तो पूर्ण लागेपर्यंत उभा राहतो, एवढंच.

त्या दिवाळीनंतर पुढच्या वर्षी कंपनीनं मला बाहेरदेशी पाठवलं होतं. काकूंचं पत्र आलं. दिवा जुना झालाय, मंदार म्हणतो या वेळी चौदा हजारांचा घे, ना फार निळा ना फार पांढरा. तुमचं काय म्हणणं? पत्र आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवायची शाळेतली सवय मला अजून आहे, म्हणून मी पाठवलेल्या उत्तराचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला आहे. त्यात काही न बदलता देतो.

तीर्थस्वरूप काकू यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फांद्यांची टोकं जांभळी होऊ लागली हे वाचून आनंद झाला. दिवा जुना झाला की आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण प्रवाळाला कमी पडायला लागतं, तेव्हा बदलायचा हे योग्यच आहे.

चौदा हजारांचा दिवा दोन्हींच्या मधला असतो. चोक तोच चालेल. तिन्हींपैकी कोणताही घेतला तरी प्रवाळ मरणार नाही, याची मला खात्री आहे. बदलताना मुख्य खटका बंद करा आणि सगळं गार होऊ द्या. जाळी पुन्हा घाला. स्टुलावर चढाल तेव्हा खाली कुणाला तरी उभं करा, पण दिवा तुम्हीच बसवा. माणूस बोलावलात तर तो बोटं लावील.

इथं मला ग्राहकासमोर बसून बोलावं लागतं. पहिल्या दिवशी मध्येच अडलो. मग चुकीचं का होईना, पण बोलत राहिलो आणि काम झालं. तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली आणि त्या नोकरीवर गावाकडे माझ्या बहिणीचं कॉलेज चालू आहे. हे मी तिथं असताना बोललो नाही, म्हणून लिहितो. याला उत्तर देऊ नये.

मागची खोली रिकामी आहे म्हणून घर मोठं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. कुणाला ठेवायचं असेल तर ठेवा, नसेल तर नका ठेवू. मंदारला विचारायची गरज नाही, मलाही नाही. दिव्याचंही तसंच. मी आणि मंदार, आम्ही दोघंही ती टाकी आता वर्षातून एकदा बघणार. रोज बघणार तुम्ही. कोणता घेतलात तेवढं कळवा.

आपला,
राऊत